हेडकाका

आम्ही कराडच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून निम्मा भरलेला होता. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं आणि कपाट नि भिंत यांच्यामध्ये एक हमाल अडकला होता. एवढ्यात वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ उतरले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात भर दुपारी टॉर्च. कपाटाकडे किंवा हमालाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जिन्याच्या अलीकडून मला विचारलं, "कितवा मजला?"

"पहिला."

"म्हणजे गच्चीवरच्या टाकीपासून हेड आठ-नऊ मीटर. प्रेशर चांगलं मिळेल. पण नळ हळू बंद करत चला."

एवढं सांगून, हमालाला तसाच ठेवून, ते पुन्हा वर गेले.

मला वाटलं, सोसायटीचे प्लंबर असावेत. दुसऱ्या दिवशी कळलं की ते बोर्डातून निवृत्त झाले आहेत. बोर्ड म्हणजे वीज मंडळ. त्या मंडळाच्या केव्हाच निरनिराळ्या कंपन्या झाल्या, पण काकांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च. उभी नोकरी पोफळीला. चिपळूणच्या वाटेवर कुंभार्ली घाट उतरला की डोंगराच्या पोटात कोयनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचं वीजघर आहे. एका रांगेत आठ मशीन, चार सत्तर मेगावॅटची, चार ऐंशीची. तिथे ऊन नाही, पाऊस नाही. दिवस आहे की रात्र हे घड्याळ आणि लॉगबुक सांगणार. काका तिशीच्या आत त्या बोगद्यात शिरले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर आले असं बोर्डाचे कागद सांगतात. काकूंना ते मान्य नाही. "आत गेल्याची नोंद आहे," त्या म्हणतात, "बाहेर आल्याचा पुरावा दाखवा."

काकांना खरं नाव आहे. ते टपालपेटीवर रंगवलेलंही आहे. पण सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं 'हेडकाका' केलं आणि तेच राहिलं. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त हेडमास्तर या नावावरून वर्षभर रुसून होते. पंचक्रोशीत हेड एकच, अशी त्यांची समजूत होती.

काकांच्या शास्त्रात हेड म्हणजे डोकं नव्हे. पाणी जेवढ्या उंचीवरून खाली येतं ती उंची म्हणजे हेड. सेकंदाला जेवढं येतं तो डिस्चार्ज. "उंची मीटरमध्ये घ्या, पाणी घनमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला ९.८१ नं गुणा. आली वीज किलोवॅटमध्ये. त्यातून चाकाची दलाली दहाएक टक्के वजा करा. बाकी सगळं सिव्हिलवाल्यांचं सिमेंट." जगातल्या कुठल्याही वस्तूची परीक्षा ते याच दोन आकड्यांवर करतात. निवडणुकीच्या सभेहून परत आले की एका वाक्यात वृत्तांत देतात, "हेड शून्य, डिस्चार्ज अफाट." हेडमास्तरांबद्दलचं मत नेमकं उलट आहे, "हेड दांडगं, पण थेंब थेंब."

निवृत्त माणसांत असा एक वर्ग असतोच. नोकरी त्यांना सोडते, पण ते नोकरीला सोडत नाहीत. बँकेतला माणूस लग्नपत्रिकासुद्धा अंगठा ओला करून मोजतो. रेल्वेतला माणूस बायकोला 'चार-सत्तावन्नला निघू' म्हणतो. वीजघरातला माणूस त्या मानानं दुर्मीळ. त्याची लक्षणं तीन. एक, तो मोठ्यानं बोलतो, कारण जन्मभर मशीन हॉलमध्ये बोललेला असतो. काकांनी कुणाच्या कानात सांगितलेलं गुपित कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचतं. दोन, पंख्याचा आवाज जरा बदलला की तो मान तिरकी करून 'फ्रिक्वेन्सी पडली' म्हणतो आणि आपण मुकाट्यानं ऐकतो, कारण खरं-खोटं करायला आपल्याकडे काहीच नसतं. तीन, लॉगबुक.

काकांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगलेली आहे. मी स्वतः वाचलेलं एक पान असं:

०६:०० दूध आलं.
०६:१२ गॅसवर घेतलं.
०६:१९ ट्रिप. (उतू गेलं. ऑपरेटर फोनवर.)
०६:४० गॅस पुसून सप्लाय पूर्ववत.

'ऑपरेटर' म्हणजे काकू. त्या शेऱ्याखाली काकूंच्या अक्षरात दुसरा शेरा आहे: 'सुपरवायझर तेव्हा पेपर वाचत होते.'

संध्याकाळी सातच्या सुमारास काका गच्चीवर जातात. गावात दिवे लागतात, टीव्ही सुरू होतात, मिक्सर फिरतात. काका पश्चिमेकडे तोंड करून म्हणतात, "कळव्याचा फोन आला असेल. मशीन उचला म्हणून." कळव्याहून राज्यभराच्या लोडचा हिशेब चाले, त्या काळची ही सवय. कोळशाच्या वीजघरातला थंड बॉयलर तापून मशीन लोडवर यायला तास न् तास लागतात. पाण्याचं मशीन चहा गाळून होईतो लोडवर येतं. म्हणून सगळा महाराष्ट्र एकदम बटण दाबतो तेव्हा कोयनेला हाक जाते. "चंद्रपूर म्हणजे घरचं रोजचं जेवण," काका म्हणतात, "आणि आम्ही आयत्या वेळचे पाहुणे निभावणारे पोहे."

आता टर्बाइनकडे येतो. म्हणजे मी आलो नव्हतो, टर्बाइनच माझ्याकडे आलं.

बायको माहेरी गेली होती आणि मी बेसिनमध्ये आमटीची पळी घासत होतो. नळाची धार पळीच्या पोटात पडली आणि वळून थेट माझ्या शर्टावर आली. हे प्रत्येकाच्या घरात होतं आणि प्रत्येक जण नळाला शिवी देतो. नेमके तेव्हाच काका पेपर मागायला दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मला लॉटरी लागली.

"हाच! हाच पेल्टन! परत धरा."

मी परत धरली. परत भिजलो.

"आता पळी पालथी धरा." पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून गेलं. "हाताला जोर कधी जास्त लागला?"

"पोटात पडलं तेव्हा."

"का? पाणी नुसतं अडवलंत तर एक रट्टा बसतो. आल्या वाटेनं परत पाठवलंत तर दोन. अडवायचा एक आणि हाकलायचा एक."

मग त्यांनी माझ्याच मांडणीतले दोन चमचे घेतले, शेजारीशेजारी जुळवले आणि मधल्या कडेवर धार धरली. धार दुभंगली, निम्मी डावीकडून आणि निम्मी उजवीकडून माघारी फिरली. पेल्टन चाकाची बकेट अशीच असते. दोन वाट्या आणि मध्ये धारदार कणा. दोन्हीकडे सारखं पाणी गेलं की चाकाच्या दांड्याला आडवा धक्का बसत नाही. मोठ्या चाकाच्या घेरावर अशा वीसेक बकेटा, आणि त्यांच्यावर नोझलमधून सुटलेली धार. पोफळीला हेड पावणेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे धारेचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास. "त्या धारेत पहार घातली तर?" मी विचारलं. "पहार जाईल," काका म्हणाले, "धार जागेवर राहील."

"आणि चाकानं किती पळायचं? धारेच्या निम्म्या वेगानं. का, सांगा."

मी नळ चालू ठेवून विचार करू लागलो.

"एसटी ताशी पन्नासनं पुढे चाललीय. तुम्ही मागच्या खिडकीतून चेंडू ताशी पन्नासनं मागे फेकलात. रस्त्यावरच्या माणसाला काय दिसेल?"

"चेंडू सरळ खाली पडलेला."

"बस्स! पाणी बकेटीतून मागे फिरतं, बकेट पुढे पळत असते, दोघांचं फिटतं. होतं नव्हतं ते चाकाला देऊन पाणी गुमान खाली पडतं. बाहेर जाणाऱ्या पाण्यात जीव उरला, तर तेवढी वीज चोरीला गेली म्हणा." मग जरा थांबून त्यांनी बेसिनकडे पाहिलं. "दहा लिटरची एक बादली पोफळीला उतरली की नऊ वॉटचा दिवा सव्वा तास जळतो. तुमच्या दोन बादल्या गेल्या." त्यांनी नळ हळूच बंद केला. "अडीच तास."

तेव्हापासून सोसायटीत पाण्याची नासाडी तासांत मोजली जाते. अंगण पाइपनं धुणाऱ्या जोशीवहिनींनी एका सकाळी तब्बल दोन दिवस वाया घालवल्याची नोंद लॉगबुकात आहे.

हा लेस्टर पेल्टन म्हणजे काकांचं कुलदैवत. अमेरिकेतल्या ओहायोचा माणूस, १८५० साली सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला. सोनं काही सापडलं नाही, पण खाणींवर सुतारकाम आणि गिरणीकाम करता करता हे चाक सापडलं. १८८० साली त्यानं पेटंट घेतलं. १८८३ साली कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीजवळच्या एका खाणीसाठी चाकांची स्पर्धा झाली, त्यात याच्या चाकानं नव्वद टक्क्यांच्या वर ताकद काढून दाखवली. दंतकथा अशी की पेल्टननं एका उनाड गाईला हाकलायला पाण्याचा पाइप मारला, धार तिच्या नाकपुड्यांच्या मधोमध बसली, दुभंगून मागे फिरली आणि गाईचं मुंडकं गर्रकन वळलं. त्यातून त्याला बकेट सुचली. "खरं असेल का हो?" मी विचारलं. काका म्हणाले, "गाईला विचारायचं राहून गेलं."

काकांनी अवघी मनुष्यजात तीन चाकांत वाटून टाकली आहे. पेल्टन माणूस उंचावरचा. पाणी थोडं, पण नेम धरून एकाच जागी मारणार. पेल्टन चाक पाण्यात बुडत नाही, मोकळ्या हवेत फिरतं. तसा हा माणूसही चारचौघांत मिसळत नाही. उदाहरणार्थ, हेडमास्तर. फ्रान्सिस माणूस मधल्या उंचीचा, गोतावळ्यातला. गोगलगाईच्या शंखासारख्या नळीतून पाणी चारी बाजूंनी त्याच्यावर येतं, झडपांच्या कड्यातून आत शिरतं आणि पात्यांमधून वळून खाली निघून जातं. सगळं चाक पाण्यात बुडालेलं आणि सगळीकडून दाबाखाली. "दाब असला तरच फिरतो," काका सांगतात. "मार्चअखेर कुठल्याही कचेरीत जा, सगळे फ्रान्सिस भरवेगात दिसतील."

"आणि मी?" मी एकदा विचारून पाहिलं.

"तुमचं टेस्टिंग चालू आहे."

फ्रान्सिसबद्दल बोलताना काकांच्या आवाजात एक धार येते. तिचं कारण घरगुती आहे. त्यांचे व्याही अलोऱ्याचे.

पोफळीला आठ चाकं फिरवून जे पाणी बाहेर पडतं, ते कोळकेवाडीच्या धरणात साठतं आणि तिथून खाली अलोऱ्याला तिसऱ्या टप्प्याची चार मशीन फिरवतं. ती फ्रान्सिस, ऐंशी मेगावॅटची. काकांच्या मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा चांगला, घर चांगलं, पत्रिका जुळली. काका दोन दिवस गप्प होते. शेवटी काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "वडील अलोऱ्याचे आहेत. आमच्या उष्ट्या पाण्यावर वाढलेलं घर."

लग्न झालं. पंगतीत दोन व्याही शेजारीशेजारी बसले आणि वाढप्यानं मठ्ठा आणेपर्यंत वाद पेटला.

"तुमचं चाक पाण्यावर अधांतरी टांगलेलं," व्याही म्हणाले. "चाकाखालचे शेवटचे चार मीटर फुकट. आमच्याकडे खाली ड्राफ्ट ट्यूब असते. गळणारं पाणीसुद्धा ओढ लावतं. आम्ही ताट चाटून पुसून जेवतो."

"आणि म्हणून तुमच्या रनरला बुडबुडे खातात," काका म्हणाले.

हे खरं आहे. फ्रान्सिसच्या पात्यामागे दाब इतका पडू शकतो की गार पाणीच उकळतं. वाफेचे बारीक बुडबुडे होतात, पुढे दाबात जाऊन फुटतात, आणि फुटताना पोलादाचा टवका काढतात. असं रनर, म्हणजे चाक, उघडलं की देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखं दिसतं. पण व्याह्यांनी जिलेबी मोडत शांतपणे विचारलं, "चौथ्या टप्प्यात काय बसवलं हो?"

काका गप्प. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात अडीचशे मेगावॅटची चार मशीन आहेत. म्हणजे एक हजार मेगावॅट, आणि तेही जवळपास पोफळीइतक्याच उंचीवर. आणि ती सगळी फ्रान्सिस. काकांनी त्या दिवशी दुसरी जिलेबी घेतली नाही.

उत्तर वर्षभरानं, नातवाच्या बारशाला आलं. पाळण्याच्या दोरीला हात लावण्याआधी काका व्याह्यांना म्हणाले, "स्वित्झर्लंडला बिएड्रॉन आहे. अठराशे मीटरच्या वर हेड. तिथे लावा तुमचा फ्रान्सिस!" व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला. "चीनमध्ये थ्री गॉर्जेस. सातशे मेगावॅटची बत्तीस मशीन. कुठलं चाक आहे, सांगू?" बाळाचं नाव कुणाला ऐकूच आलं नाही. आत्यानं कानात सांगितलं म्हणून बाळाला तेवढं कळलं.

व्याह्यांचं दैवत जेम्स फ्रान्सिस. इंग्लंडचा माणूस, अमेरिकेतल्या लोवेल गावी कापडगिरण्यांच्या कालव्यांवर इंजिनिअर. १८४८ च्या सुमारास त्यानं जुन्या चाकाची मापं घेऊन, प्रयोग करून नवं चाक आखलं. हे अंदाजपंचे नव्हतं, गणितावर होतं. याच माणसानं १८५० साली कालव्यावर मोठा थोरला लाकडी दरवाजा बांधला तेव्हा लोकांनी त्याला 'फ्रान्सिसचा वेडेपणा' म्हणून हिणवलं. दोनच वर्षांनी पूर आला, दरवाजा खाली सोडला आणि गाव वाचलं. हे ऐकलं की काका गाईची गोष्ट सांगतात, पण पुरापुढे गाय टिकत नाही हे त्यांनाही कळतं.

राहिला तिसरा. व्हिक्टर कॅप्लान, ऑस्ट्रियाचा, ब्रनो शहरात प्राध्यापक. उंची थोडी आणि पाणी उदंड, अशा नद्यांसाठी त्यानं १९१२-१३ च्या सुमारास जहाजाच्या पंख्यासारखं चाक काढलं. त्याची करामत अशी की पाणी कमी-जास्त झालं की बाहेरच्या झडपा तर वळतातच, शिवाय चाकाची पातीही आपला कोन बदलतात. म्हणून लोड निम्म्यावर आला तरी हे चाक कुरकुरत नाही. काकूंच्या एकसष्टीला काका सर्वांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या आयुष्यातलं एकमेव प्रेमळ भाषण केलं. "ही कॅप्लान आहे. आमच्या घराला हेड कधीच नव्हतं, पण येणं-जाणं पुराच्या पाण्यासारखं. हिनं रोज पाती फिरवली आणि घर चालवलं." टाळ्या पडल्या. काकूंनी पुरणपोळीचं ताट खाली ठेवलं. "म्हणजे पाती मी फिरवायची," त्या म्हणाल्या, "आणि नाव ऑस्ट्रियाचं."

त्याच वर्षी काकूंनी अष्टविनायक ठरवले. महडला वरदविनायकाच्या रांगेतून काका नाहीसे झाले. ते तीन तासांनी सापडले, जवळच खोपोलीला, घाटातून उतरणाऱ्या पाइपांकडे हात जोडून उभे. तिथे १९१५ पासून टाटांची वीज आहे. पुढे १९२२ साली भिवपुरी, १९२७ साली भिरा. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन झाल्यावर काकांनी सहज विचारलं, "भिरा इथून जवळच ना?" काकूंचे आठ झाले, काकांचे तीन. आणि काकांनी मला खासगीत, म्हणजे इस्त्रीवाल्यासकट, सांगितलं, "स्वयंभू फक्त खोपोली."

काकांचा एक गुण मात्र सगळ्या सोसायटीला उपयोगी पडला. तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. त्यांनी एका फटक्यात बंद होणारे नवीन नळ बसवले. रात्री अकराला भिंतीतून 'धाड' आवाज. पुन्हा 'धाड'. कुणी भूत म्हणालं, कुणी भूकंप. कोयनेच्या खोऱ्यात १९६७ च्या डिसेंबरची आठवण असलेली माणसं अजून आहेत, ती चपला न घालता खाली आली. काका टॉर्च घेऊन जिना चढले. नळ बंद करणाऱ्या त्या तरुणाला त्यांनी मोठ्यानं, म्हणजे त्यांच्या हळू आवाजात, समजावलं:

"पाइपातलं पाणी म्हणजे मालगाडी. इंजिनानं अचानक ब्रेक मारला की मागचे सगळे डबे एकमेकांवर आदळतात. तुमच्या भिंतीत धाड होतं. आमच्याकडे झालं असतं तर पेनस्टॉक, म्हणजे मशीनकडे उतरणारा दांडगा पाइप, फाटला असता. म्हणून डोंगरात उभी विहीर खोदतात, सर्ज वेल. अडलेलं पाणी तिच्यात वर चढतं, दम खातं, खाली येतं. आणि मशीनवरचा लोड एकाएकी गेला तर आम्ही धार लगेच बंद करत नाही. आधी डिफ्लेक्टर आडवा येतो, धार चाकावरून बाजूला वळवतो. मग नोझलमधली सुई सावकाश पुढे जाते. आधी डिफ्लेक्टर, मग सुई. उलट केलंत की डोंगर अंगावर."

आधी डिफ्लेक्टर, मग सुई. याचा खरा अर्थ मला सोसायटीच्या सभेत कळला.

आमचे खजिनदार तरुण आहेत, त्यांच्याकडे लॅपटॉप आहे. त्यांनी पडद्यावर योजना मांडली. गच्चीवरच्या टाकीतून रोज दहा हजार लिटर पाणी खाली येतं, त्या पाइपात छोटं टर्बाइन बसवायचं, जिन्यातले दिवे फुकट. टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"हेड किती?" काकांनी विचारलं.

"बारा मीटर धरलंय."

काकांनी हाताच्या तळव्यावर पेनानं गुणाकार केला. "सगळं पाणी अगदी तळापर्यंत उतरलं असं धरलं तरी दिवसाला युनिटचा तिसरा हिस्सा. एवढंसं चाक निम्मं खाणार. उरलं युनिटच्या सहाव्या हिश्श्याएवढं. शिवाय नळाचं प्रेशर जाणार. आणि ते पाणी वर कुणी चढवलं?"

"पंपानं."

"पंपाचं बिल कोण भरतं?"

सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, शांतता. मग हेडमास्तर उठले. पावणेपाचशे मीटरवरून धार सुटावी तसं त्यांचं सुरू झालं. खजिनदारांचं शिक्षण, त्यांच्या पिढीचं गणित, एकूण देशाचं भवितव्य. पोरगा लालबुंद झाला, उत्तर द्यायला उठला. आता धाड होणार, एवढ्यात काका आडवे आले. "मास्तर, घाटघरचं ऐकलंय का तुम्ही?"

धार बाजूला वळली. काकांनी सावकाश सांगितलं की खजिनदारांची कल्पना वेडी नाही, फक्त जागा चुकली. अकोले तालुक्यात घाटघरला सव्वाशे मेगावॅटची दोन मशीन हेच करतात. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा तेच यंत्र पंप होऊन खालचं पाणी वर चढवतं, संध्याकाळी वीज महाग असते तेव्हा उलटं फिरून टर्बाइन होतं. निघते त्यापेक्षा जास्त वीज घालावीच लागते, पण वेळ बदलून मिळते. "बँकेत पैसे ठेवून व्याज उलट आपणच द्यायचं," काका म्हणाले, "पण नड असेल त्या मिनिटाला रोख हातात." हेडमास्तर खाली बसले. खजिनदारांनी लॅपटॉप मिटला, पण मान वर ठेवून मिटला. तोवर काकूंनी पोहे पुढे केले होते. सुई सावकाश बंद झाली. पाइप फुटला नाही.

जिना चढताना मी काकांना म्हटलं, "तुम्ही त्या पोराला सहज चेचू शकला असता."

"चाक कुठलंच वाईट नसतं हो," ते म्हणाले. "पेल्टन सपाटीवरच्या नदीत घाला, बावळट दिसेल. कॅप्लान पोफळीला लावा, चिंध्या होतील. पाणी बघून चाक निवडायचं. आम्ही जन्मभर चाक बघून पाण्याला नावं ठेवतो."

हे वाक्य त्यांनी व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाहीत.

"मग माझं टेस्टिंग संपलं का?" मी विचारलं.

काकांनी टॉर्च माझ्या चेहऱ्यावर धरला, नीट पाहिलं. "तुम्ही चाकच नाही. लिहिता ना तुम्ही? तुम्ही टेलरेस. सगळ्यांचं काम करून झालं की वापरलेलं पाणी तुमच्याकडून वाहत जातं."

मला क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं की अलोऱ्याची चारही मशीन टेलरेसच्याच पाण्यावर चालतात, आणि ती तीनशे वीस मेगावॅट देतात. हे मी काकांना ऐकवलं नाही. व्याह्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे.